तास, पोतं आणि मूळ

आमच्या तात्यांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, "बागेला किती पाणी दिलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "दोन तास." खताचं विचारलं तर, "एकरी दोन पोती." या दोन उत्तरांवर त्यांनी चाळीस वर्षं द्राक्षबाग आणि ऊस पिकवला, बराच बरा पिकवला. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात सगळेच असं बोलतात. मीही बोलायचो. तास हे विजेचं माप आहे आणि पोतं हे दुकानाचं. मुळाशी नेमकं किती पोचलं, ते या दोन्हींतून कळत नाही, हे ध्यानात यायला मला निम्मं आयुष्य लागलं. त्यामुळे ड्रिपमधून पाणी आणि खत मोजून देण्यावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना माझ्याकडे आली, तेव्हा शास्त्रज्ञ सोडून माझ्याकडे का, असा प्रश्न मी लेखकांना विचारला नाही. चुका कोणी जास्त केल्यात, हे त्यांना ठाऊक असावं.

या विषयाला आपल्याकडे 'काटेकोर शेती' हा शब्द रुळला आहे. शब्द चांगला आहे. ऐकला की तराजूचा काटा डोळ्यांपुढे येतो. पण कृषी प्रदर्शनातल्या मांडवात हाच शब्द ड्रोन, मोबाइल ॲप आणि निळ्या डब्यातला सेन्सर यांच्या गळ्यात अडकवलेला दिसतो. ही यंत्रं वाईट नाहीत. फक्त ती दहाव्या पायरीवरची आहेत, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी पहिली पायरी अजून चढलेली नाही. पहिली पायरी म्हणजे बेरीज-गुणाकार.

तात्यांच्या दोन तासांचंच घ्या. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी पसरायचं तर ४,०४७ लिटर लागतं. पाऊस आपण मिलिमीटरमध्ये सांगतो, उन्हाने जमिनीतून आणि पानांतून उडणारं पाणीही मिलिमीटरमध्येच मोजतात. मग द्यायचं पाणी तासांत का? आमची बाग नऊ बाय पाच फुटांवर आहे, एकरी ९६८ वेली. वेलीला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे एकराला तासाला साडेसात हजार लिटरच्या थोडं वर. दोन तासांत जेमतेम पावणेचार मिलिमीटर. शेजारच्या उसात पाच फुटी सरी, चाळीस सेंटिमीटरवर तोच ताशी चार लिटरचा ड्रिपर. तिथे एकरात पावणेसात हजार ड्रिपर भरतात आणि पंपाची तेवढी ताकद असेल तर तासाला २७ हजार लिटर पडतं. त्याच दोन तासांत उसाला तेरा मिलिमीटर. तात्या दोन्हीकडे 'दोन तास'च म्हणायचे, आणि एकीकडे दुसरीकडच्या साडेतीन पट पाणी जात होतं.

हा हिशोबही कागदावरचा. ड्रिपरवर चार लिटर लिहिलेलं असतं, म्हणजे तो चार देतोच असं नाही. ताशी चार लिटर म्हणजे मिनिटाला ६७ मिली. औषध मोजायचा प्लास्टिकचा कप आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या ओळीला आणि लांबच्या टोकाच्या शेवटच्या ओळीला बसा. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा पहिल्या ओळीत ७० मिली भरलं आणि शेवटच्या ओळीत ४१. खतही त्याच नळीतून जातं, म्हणजे शेवटच्या वेलींना पाणी निम्म्याला आलेलं आणि खतही. आम्ही मात्र तीन हंगाम त्या टोकाची जमीनच हलकी आहे म्हणून तिला बोल लावत होतो. लेखकांनी कपाची ही चाचणी पहिल्याच प्रकरणात घातली आहे आणि सेन्सर सातव्यात. क्रम असाच हवा होता.

ड्रिपर का तुंबतो, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एके वर्षी मजूर कमी होते, म्हणून वेळ वाचवायला मी दोनशे लिटरच्या एकाच बॅरलमध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे स्फुरदाचं खत एकत्र भिजवलं. काठीने ढवळलं आणि बॅरलभर ताक झालं. पांढरं, फुटल्यासारखं. स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो, हे दहावीच्या पुस्तकात नसलं तरी खताच्या पिशवीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नव्हतं. वर, खत महाग म्हणून ते ताक व्हेंच्युरीतून सोडूनही दिलं. पुढचे दोन महिने नळ्यांत ॲसिड सोडण्यात गेले. सल्फेटची खतंही कॅल्शियमबरोबर चालत नाहीत, तिथे जिप्सम तयार होतो. आता आमच्याकडे दोन बॅरल आहेत, एक निळं, एक काळं. गड्याला रसायनशास्त्र नको, रंग पुरतो.

लिटरची भाषा आमच्या गावाला शिकवली ती दुष्काळाने. २००३ साली विहिरी तळाला गेल्या, बोअर फुफाटा ओकू लागले. तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या बागायतदारांनी टँकर लावून बागा जगवल्या. दहा हजार लिटरचा टँकर दारात उभा राहिला की एकराचा भागाकार कोणीही तोंडी करायचा, वेलीला दहा लिटर. पाणी विकत घेतलं त्या वर्षी 'दोन तास' हा शब्द गावातून आपोआप नाहीसा झाला. बुडख्याला उसाचं पाचट आलं, ड्रिपरखाली ओल किती खोल गेली ते लोक हाताने उकरून बघू लागले. पुढे उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, आणि तास परत आले. याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं आश्चर्य वाटत नाही.

आपल्याकडे माप नव्हतंच, असं मात्र कोणी समजू नये. 'वाफसा' हा एकच शब्द घ्या. मुळाभोवती पाणी असावं पण चिखल नसावा, हवा असावी पण कोरड नसावी, या अवस्थेला आपल्या लोकांनी नाव दिलं, तेही पेरणीच्या घाईत पटकन उच्चारता येईल असं. माती मुठीत दाबायची, गोळा होतो का बघायचं, मग अंगठ्याने फोडायचा. टेन्सिओमीटर हे या मुठीचंच यंत्र आहे. पाण्याने भरलेली बंद नळी, खाली चिनी मातीची सच्छिद्र वाटी, वर निर्वात मोजणारा काटा. माती कोरडी होऊ लागली की ती वाटीतून पाणी ओढते आणि वर काटा चढतो. वाफशाला तो साधारण दहा ते तीस सेंटिबारच्या मध्ये असतो. ऐंशीच्या आसपास गेला की नळीत हवा शिरते आणि यंत्र निकामी होतं. काळ्या जमिनीत आणखी एक गोम आहे. जमीन भेगाळली की वाटी मातीपासून सुटते, मग काटा काहीही दाखवतो. मूठ असं खोटं बोलत नाही. पण मूठ दीड फूट खोल जात नाही आणि रात्री दोन वाजता उठून बघत नाही, म्हणून यंत्र हवं. तात्यांनी पहिल्या वर्षी टेन्सिओमीटरला 'थर्मामीटर' म्हटलं आणि दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे बघितल्याशिवाय मोटर चालू केली नाही.

किती द्यायचं यापेक्षा कधी द्यायचं नाही, हे जास्त अवघड, आणि द्राक्षात ते जितकं उघडं पडतं तितकं दुसऱ्या कुठल्या पिकात क्वचितच पडत असेल. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड दिसतात ते गोडी छाटणीनंतर, म्हणून नवखा माणूस सगळी खतं आणि सगळी काळजी हिवाळ्यासाठी राखून ठेवतो. प्रत्यक्षात खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, म्हणजे मेच्या अखेरीपासून जूनमध्ये, काडीवरच्या डोळ्याच्या आत घड ठरून गेलेला असतो. डोळ्यांना न दिसणारी ही सूक्ष्म घडनिर्मिती. या दिवसांत वेलीला नत्र आणि पाणी सढळ मिळालं तर ती मजेत शेंडा वाढवत राहते आणि डोळ्यात घडाऐवजी बाळी निघते. म्हणून तेव्हा नत्र आवळायचं, पाणी आवळायचं, स्फुरद वाढवायचं. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, पानं दुपारी मान टाकतात, आणि आपण पाणी कमी करायचं! माझ्या आईला हे कधीच पटलं नाही. ती मागच्या दाराने जाऊन व्हॉल्व्ह थोडा उघडून यायची. त्या कडेच्या चार ओळींत जानेवारीत बाळ्या लोंबत असायच्या, आणि आई म्हणायची, "बघ, तिथलीच पानं किती हिरवीगार आहेत."

हे ताण देणं डाळिंबवाल्यांना नवं नाही; मृग, हस्त, आंबे बहार, तिन्ही ताणावरच धरले जातात. नवं आहे ते एवढंच, की आता ताण किती, हे आकड्यात सांगता येतं, आणि वेलीच्या पोटात काय चाललंय ते देठ परीक्षणातून कळतं. पानाचा देठ तोडून प्रयोगशाळेत द्यायचा. जमिनीत काय आहे ते मातीचा अहवाल सांगतो. त्यातलं वेलीने काय उचललं ते देठ सांगतो. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचायची सवय हे पुस्तक लावतं. पाचवं प्रकरण पूर्ण त्यावर आहे, आणि मी ते तीनदा वाचलं.

ठिबकचा इतिहास लेखकांनी दीड पानात उरकला आहे. माझी तक्रार नाही. सिमखा ब्लास या इस्रायली जल अभियंत्याने गळक्या नळाजवळचं एकच झाड शेजारच्या झाडांपेक्षा जोमदार वाढलेलं पाहिलं, पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्यावर त्यातून ड्रिपर घडवला आणि १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झने त्याच्या उत्पादनासाठी कंपनी काढली, ही कथा प्रत्येक विक्रेता सांगतो. आपल्याकडे जळगावात भवरलाल जैन यांनी हे तंत्र केळीवाल्यांच्या बांधापर्यंत नेलं, तेही सर्वांना ठाऊक आहे. मला त्या दीड पानात आणखी एक परिच्छेद हवा होता, तो धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीवर. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून निघणारं पाणी गावाने फड पाडून, फडागणिक पीक ठरवून वाटून घ्यायचं आणि दारं धरायचं काम शेतकऱ्याच्या हाती न देता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे सोपवायचं, अशी ती व्यवस्था. पाटकऱ्याकडे मीटर नव्हता. पण पाणी मालकाच्या मर्जीने न सोडता पिकाच्या गरजेने सोडायचं, हा काटेकोरपणा त्यात पुरेपूर होता.

आता पोत्याकडे येतो. युरियाचं ४५ किलोचं पोतं सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागे २१ किलोला थोडं कमी. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. एकराला पाचेक पोती झाली. जुन्या पद्धतीत ते लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत द्यायचं. गणित बरोबर आहे, पण नत्राचा स्वभाव त्यात धरलेला नाही. नायट्रेट पाण्याबरोबर चालतं. सरीत पोतं फोकून वर पाटाचं पाणी सोडलं की ते मुळाला राम राम करून खाली निघून जातं आणि पुढे विहिरीच्या पाण्यात सापडतं. स्फुरद याच्या उलट, टाकलं तिथून हलत नाही. पालाश चिकणमातीला धरून बसतं. तिघांच्या तीन तऱ्हा, आणि आपण तिघांना एकाच टोपलीतून एकाच दिवशी फोकणार. ठिबकमधून तेच नत्र आठवड्याला थोडं थोडं, ऊस जसा वाढेल तसं देता येतं. एवढ्यासाठी ठिबक घ्यावं असं मी म्हणेन, पाणी वाचतं हे त्याच्या मागून.

पण अनुदानाने युरिया इतका स्वस्त आणि विद्राव्य खतं इतकी महाग, की मोजून देण्याचा सगळा बोजा मोजणाऱ्यावरच पडतो. कमी युरिया टाकून कोणाचं फार काही वाचत नाही. जास्त टाकून पीक काळंभोर दिसतं आणि बांधावरून जाणारा पाहुणा वाहवा करतो. या पाहुण्याचा उल्लेख कुठल्याही शिफारशीत नसतो.

मातीच्या तपासणीचंही असंच. २०१५ मध्ये केंद्राने मृद आरोग्य पत्रिका योजना आणली, कल्पना उत्तम. त्यात बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा असं ठरलं. महाराष्ट्रातलं सरासरी खातं २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होतं. म्हणजे माझ्या हातातल्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याचीही असू शकते, आणि आमच्या दोघांच्या बांधामधून एक ओढा जातो. अल्याड काळी, पल्याड मुरूम. काळ्या जमिनीत ड्रिपरखालची ओल आडवी पसरते, मुरमात सरळ खाली जाते. ड्रिपरमधलं अंतर, पाण्याची वेळ, खताचे हप्ते, सगळं त्यावर बदलतं. स्वतःच्या शेताचा नमुना स्वतः घ्या, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून, नागमोडी चालत, असं लेखक तीन ठिकाणी बजावतात. तिन्ही ठिकाणी बरोबर आहेत.

काटेकोर शेतीची मूळ कल्पना अमेरिकेतली, शेकडो एकरांच्या एकसलग मक्यात जागेजागेनुसार खत बदलत जाणाऱ्या ट्रॅक्टरची. आपल्याकडे ती गुंठ्यांत उतरवावी लागते, आणि योगायोग असा की आकाशातून ती तशीच उतरते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका दहा बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१. उपग्रह आपल्या शेताकडे गुंठ्यागुंठ्याने बघतो आणि कुठला गुंठा फिका पडलाय ते रंगवून पाठवतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात असा प्रयोग मांडला: उपग्रहाचं चित्र, मातीतले सेन्सर आणि हवामान केंद्र यांची माहिती एकत्र करून आज पाणी किती, खत कुठलं, ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायचं. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण जाहीर केलं. मी त्याकडे कुतूहलाने बघतो आहे. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रह आंधळा होतो आणि नेमकं तेव्हाच उसाचं नत्र द्यायचं असतं, ही एक अडचण. आणि फिका गुंठा नत्रावाचून फिका आहे की तिथला ड्रिपर तुंबलाय, हे शेवटी कप घेऊनच बघावं लागतं, ही दुसरी.

खरी अडचण मात्र खांबावर आहे. शेतीची थ्री फेज वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. टेन्सिओमीटर सांगतो आज संध्याकाळी पाणी दे. वीज येते मध्यरात्रीनंतर. उद्या येईल याची खात्री नाही, म्हणून आज गरज नसली तरी देऊन ठेवायचं. त्यावर गावोगावी निघालेला तोडगा म्हणजे स्टार्टरला जोडलेला 'ऑटो'. वीज आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. माणूस घरी झोपलेला. एका डीपीवरच्या पंधरा मोटरी एकाच क्षणी उठतात आणि डीपी जळतो. त्या रात्री कोणाच्या मुळाला किती मिलिमीटर पाणी लागत होतं, हा प्रश्नच उरत नाही. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, मी स्वतः त्याचा लाभार्थी आहे. पण मोटर बंद करायचं उरलंसुरलं कारणही त्याबरोबर गेलं. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी, जिथे एकेकाळी शंभर टनांचा ऊस निघायचा आणि आता बाभळीही नीट उगवत नाहीत, त्या पाणी कमी पडून बिघडलेल्या नाहीत.

उलट उदाहरणही जवळच आहे. नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था धरणाचं पाणी घनमापन पद्धतीने मोजून घेतात आणि आपापसांत वाटतात. आकारणी एकरावर नाही, पाण्यावर. सगळा कोटा आपला, वाचवलेलं पाणीही आपलं, असं झाल्यावर तिथे द्राक्ष आणि भाजीपाल्याखाली ठिबक पसरायला फार व्याख्यानं लागली नाहीत. पुस्तकात वाघाडवर चारच ओळी आहेत. पुढच्या आवृत्तीत चार पानं यावीत, ही माझी लेखकांना जाहीर विनंती. दुसरी विनंती वाट्याने शेती करणाऱ्यांसाठी. सेन्सर मालकाच्या मोबाइलवर बोलतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो वाटेकरी, बऱ्याचदा त्याची बायको, आणि तिच्या हातात मोबाइलच नसतो. तिला आजचा आकडा कसा कळवायचा, यावर पुस्तकात काही नाही.

बाकी पुस्तक कामाचं आहे. भाषा बांधावरची आहे, कोष्टकं भिंतीला डकवता येतील अशी मोठ्या अक्षरांत आहेत, आणि पहिल्या वळवाच्या सरीत ठिबक चालू ठेवा, नाहीतर ओलीच्या कडेला साचलेले क्षार पावसाबरोबर मुळात घुसतील, असले जुन्या बागायतदारांनाच ठाऊक असलेले बारकावे त्यात आहेत. शेवटी दहा कोरी पानं दिली आहेत. तारीख, व्हॉल्व्ह, पहिली ओळ, शेवटची ओळ, मिली.

हस्तलिखित वाचून संपवलं त्या दिवशी योगायोगाने वीज दिवसा होती. कप घेऊन गेलो. शेवटच्या ओळीत मिनिटाला ४८ मिली. लॅटरलचं टोक सोडलं तर आधी चहासारखं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. टोक बांधून पुन्हा कप धरला, ५३. राहिलेलं ॲसिड सोडल्यावर बघू. पहिल्या कोऱ्या पानावर दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत.